टॅन इन्व्हर्सचं उत्तर ०.०८३ आलं? रेडियनचे अंश असे करा

व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधायचा आहे. उतार १:१२, म्हणजे १२ फूट पुढे गेल्यावर १ फूट चढ. कोन किती झाला ते बघायला एक्सेलमध्ये १/१२ चं टॅन इन्व्हर्स (चढ भागिले आडवं अंतर यावरून कोन देणारं फंक्शन) घेतलं, तर उत्तर आलं ०.०८३१४१. एवढा उतार डोळ्यांना दिसायचाही नाही! पण सूत्र चुकलेलं नाही. हे उत्तर रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात आहे. त्याचे अंश केले तर ४.७६३६ होतात.

अर्ध्या वर्तुळाचे अंश १८० आणि रेडियन पाय, म्हणजे ३.१४१५९२६५. म्हणून रेडियनला १८० ने गुणून पायने भागलं की अंश मिळतात. थेट हवं तर ५७.२९५७८ ने गुणा. उलट जायचं असेल तर अंशांना ०.०१७४५३३ ने गुणा. गुणायचं की भागायचं याचा गोंधळ झाला, तर एवढं आठवा: त्याच कोनाचा अंशांतला आकडा नेहमी मोठा असतो. यात अवघड काही नाही. घोळ होतो तो समोरचा आकडा आधीच कशात आहे हे न बघितल्यामुळे.

म्हणून आधी चाचणी. हातातल्या साधनात १ चं टॅन इन्व्हर्स काढा. उत्तर ४५ आलं तर साधन अंशांत चालतंय, ०.७८५३९८ आलं तर रेडियनमध्ये. ५० आलं तर कॅल्क्युलेटर ग्रेडियनवर आहे. त्यात वर्तुळाचे ४०० भाग धरतात. आपल्याला ते सहसा लागत नाहीत, चुकून बटण दाबलं गेलेलं असतं.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर स्क्रीनच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी असं बारीक अक्षर दिसतं. कॅसिओच्या एमएस मालिकेत ‘डेग, रॅड, ग्रा’ ही ओळ येईपर्यंत मोडचं बटण दाबा आणि अंशांसाठी १ निवडा. ईएस मालिकेत शिफ्ट, मोड आणि मग ३. मोड अंशांवर असेल तर साईन इन्व्हर्स ०.५ चं उत्तर ३० येतं. त्याला पुन्हा ५७.३ ने गुणायचं नाही. रॅम्पच्या ४.७६ अंशांना चुकून दुसऱ्यांदा गुणलं तर २७३ ‘अंशांचा’ रॅम्प तयार होतो. बारावीच्या विद्यार्थ्यांनी मात्र कलन सोडवताना मोड रेडियनवरच ठेवावा. ० ते १ मध्ये १/(१+क्ष²) चं संकलन पाय भागिले ४, म्हणजे ०.७८५४ आहे. टॅन इन्व्हर्सच्या मर्यादा अंशांच्या मोडमध्ये घातल्या की ४५ येतं, आणि ते साफ चूक आहे.

एक्सेल, गुगल शीट्स, लिब्रेऑफिस, पायथन, जावास्क्रिप्ट इथे मोडची भानगडच नाही. एसिन, एकॉस, एटॅन (साईन, कॉस, टॅन यांचे इन्व्हर्स) यांचं उत्तर कायम रेडियनमध्ये. स्प्रेडशीटमध्ये ते डिग्रीज() मध्ये गुंडाळा: =डिग्रीज(एटॅन(१/१२)). (टंकताना ही नावं आणि आकडे अर्थातच रोमन लिपीत.) हाताने ३.१४ घालू नका. १८० ला ३.१४ ने भागलं तर पाय रेडियनचे १८०.०९ अंश होतात. २२/७ घेतलं तर १७९.९३. रॅम्पला चालेल, मोजणीच्या कामात चालणार नाही.

आता अशी जागा, जिथे अंश करायचेच नसतात. पुणे (१८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व) आणि मुंबई (१९.०८ उत्तर, ७२.८८ पूर्व) यांच्यातलं सरळ अंतर गोलीय सूत्राने, म्हणजे पृथ्वी गोल धरून काढू. अक्षांश-रेखांश अंशांत आहेत, पण साईन आणि कॉस यांना रेडियन लागतात. म्हणून प्रत्येक आकडा आधी रेडियन्स() मधून जातो. शेवटी एकॉस घेतल्यावर ०.०१८९१ येतं. हा पृथ्वीच्या केंद्राशी झालेला कोन. त्याला थेट ६३७१ किलोमीटर या त्रिज्येने गुणलं की सुमारे १२०.५ किलोमीटर. सवयीने मध्ये डिग्रीज() घातलंत तर १.०८ गुणिले ६३७१, म्हणजे मुंबई-पुणे जवळजवळ ६,९०० किलोमीटर! कंस लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, हे रेडियनमध्येच खरं आहे. म्हणून आतलं सगळं गणित रेडियनमध्ये होऊ द्या, आणि माणसाला वाचायचा कोन असेल तरच, अगदी शेवटी, एकदाच अंश करा.

याच सूत्रात दोन्ही ठिकाणं एकच असली तर कधीकधी #नम! अशी चूक येते. एकॉसला -१ ते १ मधलाच आकडा चालतो, आणि संगणकाच्या दशांश हिशेबात १ च्या जागी १.०००००००००००००००२ तयार होऊ शकतो. उपाय: एकॉसच्या आत मिन(१, मॅक्स(-१, …)) घाला. पायथनमध्ये हीच चूक ‘व्हॅल्यू एरर’ म्हणून दिसते.

दिशा काढताना वेगळीच फसगत होते. सपाट नकाशासारखं धरलं, तर पुण्याहून मुंबई ०.५६ अंश उत्तरेला आणि ०.९३ अंश पश्चिमेला (रेखांशातला फरक अक्षांशाच्या कोसाईनने गुणून). पश्चिम म्हणून वजा धरलं, तर ०.५६ भागिले -०.९३ चं एटॅन -३१ अंश देतं. पूर्वेपासून मोजलं तर ही दिशा आग्नेयेची, म्हणजे मुंबईऐवजी सोलापूरच्या बाजूला! रूपांतर बरोबर आहे, चरण (वर्तुळाचा पाव भाग) चुकला. एटॅनला भागाकार तेवढा दिसतो, वजा चिन्ह वरचं की खालचं हे कळत नाही. त्याचं उत्तर नेहमी -९० ते ९० अंशांतच राहतं. इथे आडवा आणि उभा आकडा वेगवेगळे घेणारं एटॅन२ वापरा: उत्तर १४९ अंश. होकायंत्राचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात, म्हणून ९० मधून १४९ वजा करा आणि आलेल्या -५९ मध्ये ३६० मिळवा: ३०१ अंश, पश्चिम आणि वायव्य यांच्या मध्ये. स्प्रेडशीटमध्ये मॉड(…, ३६०) हे आपोआप करतं; जावास्क्रिप्टचं बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह मात्र -५९ तसंच ठेवतं. आणि एक्सेलच्या एटॅन२ मध्ये आधी आडवा आकडा, मग उभा. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये बरोबर उलटं. कोड एकीकडून दुसरीकडे नेताना हे हमखास विसरतं.

शेवटी दशांश. ४.७६३६ अंश म्हणजे ४ अंश ७६ मिनिटं नव्हे. ०.७६३६ ला ६० ने गुणा: ४५.८२ मिनिटं. उरलेल्या ०.८२ ला पुन्हा ६० ने गुणा: ४९ सेकंद. कॅल्क्युलेटरवर उत्तर आल्यावर अंश-मिनिट-सेकंदाची खूण असलेलं बटण एकदा दाबलं की ४ अंश ४५ मिनिटं ४९ सेकंद समोर येतात.