संसदेचं नवं अधिवेशन सुरू होतंय? घरबसल्या ते नीट फॉलो कसं करायचं

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की चॅनेलवाल्यांची एकच टेप सुरू होते, विरोधक सरकारला कोंडीत पकडणार का, सरकार काय डाव टाकणार, कोण कोणासोबत बसलं आणि कोण सभात्याग करून बाहेर पडलं. एवढं सगळं ऐकूनही देशापुढचे मोठे प्रश्न कोणते आणि त्यातला कुठला सरकारने खरंच हातात घेतलाय याचा पत्ता लागत नाही. तो लागतो, पण त्यासाठी भाषणं कमी आणि कागद जास्त बघावे लागतात. रोज अर्धा तास आणि एक वही पुरते. मोबाईलमध्ये नोट्स केल्या तरी चालतंय, पण पान उलटून मागचं बघायला वहीच बरी.

पहिलं काम अधिवेशन सुरू व्हायच्या आधीचं. तुमच्या मते देशाने आधी कशाकडे बघायला हवं ते पाच मुद्द्यांत लिहून काढा, आणि हे आधीच करा, कारण एकदा भाषणं कानावर पडली की आपण आपल्या नकळत त्यांचेच शब्द बोलायला लागतो. मुद्दे मोघम नकोत. नुसतं "शेती" लिहून काय उपयोग? "कांद्याच्या निर्यातीचा नियम सारखा बदलतो त्याचं काय" असं लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण ४० टक्के शुल्क बसलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. असा धरता येईल असा मुद्दा हवा.

मग या यादीला एक चाळणी लावा, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाची. त्यात केंद्राचे विषय, राज्यांचे विषय आणि दोघांचे मिळून असे विषय अशा तीन सूच्या आहेत. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, शेतीसुद्धा राज्याकडे, पण परदेशी व्यापार केंद्राकडे, म्हणजे कांद्याच्या निर्यातीबद्दल जाब विचारायची जागा दिल्लीच. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सामायिक सूचीत गेलं, त्यामुळे तिथे दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात आणि दाखवतातही. तुमच्या पाचातले एखाद-दोन मुद्दे इथेच गळतील, ते विधानसभेच्या अधिवेशनासाठी ठेवा. ही चाळणी न लावल्यामुळेच निम्मे लोक खासदारावर नगरसेवकाच्या कामावरून चिडलेले असतात.

तारखांचं थोडक्यात. दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको एवढंच घटनेच्या कलम ८५ मध्ये आहे, बाकी अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी ही तीन अधिवेशनं हा पडलेला शिरस्ता. बोलावतात राष्ट्रपती, ठरवतं सरकार.

वर्षातलं पहिलं अधिवेशन, आणि सार्वत्रिक निवडणुकीनंतरचं पहिलं, राष्ट्रपतींच्या अभिभाषणाने सुरू होतं. मूळ घटनेत दर अधिवेशनाला अभिभाषण होतं, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदावर आलं. वाचून दाखवतात राष्ट्रपती पण मजकूर सरकारचा असतो, मंत्रिमंडळाने मान्य केलेला, म्हणूनच त्यात "माझं सरकार" असं येतं. तेव्हा राष्ट्रपतींवर खूश व्हायचं किंवा नाराज व्हायचं काही कारण नाही. हे भाषण ऐकू नका, वाचा. पेन घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला खूण करत जा, हे झालेलं काम आहे, हे होणार असलेलं आहे की नुसतीच भावना आहे. दोन-तीन पानांतच लक्षात येतं की "होणार" वाली वाक्यं फार थोडी असतात, आणि वर्षभर मागे लागायचं ते त्याच वाक्यांच्या. मग मागच्या वर्षीचं भाषण काढून शेजारी ठेवा. नवीन काय आलं हे पेपरवाले सांगतातच, गुपचूप गळालं काय हे तुम्हालाच शोधायचंय.

यात शॉर्टकट एक आहे, फारसं कोणी बघत नाही. अभिभाषणानंतर आभारदर्शक ठराव येतो आणि त्याला खासदार ढिगाने दुरुस्त्या सुचवतात, जवळपास सगळ्यांचा साचा एकच, अभिभाषणात अमुक विषयाचा उल्लेख नाही याचा खेद वाटतो. या दुरुस्त्यांची यादी म्हणजे सरकारने काय वगळलं याची आयती नोंद. बहुतेक सगळ्या पडतात हे खरं, पण नेहमीच नाही. मार्च २०१५ मध्ये काळा पैसा आणि भ्रष्टाचार या विषयावरची सीताराम येचुरींची दुरुस्ती राज्यसभेत चक्क मंजूर झाली होती, कारण तिथे सरकारकडे बहुमत नव्हतं. लोकसभेत असं झालं तर तो सरकारचा पराभव धरला जातो, त्यामुळे तिथे व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, काढून सगळे हजर.

अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, २०१७ पासून, त्याआधी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी यायचा. त्या दिवशी सगळे टॅक्स स्लॅबमध्ये अडकलेले असतात, अडकू दे. तुम्ही "रुपया आला कुठून आणि गेला कुठे" ते चित्र उघडा. २०२५-२६ चं बघा, एका रुपयातले २२ पैसे राज्यांचा करातला वाटा, २० पैसे निव्वळ व्याज, ८ पैसे संरक्षण, ६ पैसे मुख्य अनुदानं. राज्यांचा करातला वाटा सोडून एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि त्यातलं पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास व्याजातच. मागच्या कर्जाचं व्याज प्राधान्य म्हणून कुठल्या भाषणात येत नाही, पण रांगेत ते पुढेच उभं असतं.

मग तुमच्या मुद्द्याचं मंत्रालय शोधा आणि त्याचा तक्ता काढा. त्यात चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी चौथ्या रकान्याची होते, "तरतुदीत भरघोस वाढ" वगैरे. तुम्ही दुसरा आणि तिसरा रकाना बघा. समजा एखाद्या योजनेला हजार कोटी ठेवले होते आणि सुधारित अंदाजात सहाशेच दिसतायत, तर पैसे ठेवले पण खर्चच झाले नाहीत, आणि पुढच्या वर्षी आठशे दिले तर बातमी लागणार वाढीची. सहाशेशी तुलना केली तर वाढ, हजाराशी केली तर कपात. दोन्ही खरं, म्हणून दोन्ही आकडे वहीत उतरवा.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मध्ये सुट्टी असते ती मजा करायला नाही, त्या काळात खासदारांच्या विभागवार स्थायी समित्या मंत्रालयांनी मागितलेले पैसे, म्हणजे "मागण्या", तपासतात. या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले लातूरचे शिवराज पाटील होते, आज एकूण २४ आहेत. त्यांचे अहवाल कंटाळवाणे दिसतात पण पैसा का पडून राहिला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. सभागृहात मात्र मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते, वेळ संपला की उरलेल्या सगळ्या एकगठ्ठा मतदानाला टाकतात आणि चर्चेविना मंजूर. कुठल्या मंत्रालयांची चर्चा झाली हे लिहून ठेवा, प्राधान्य म्हणजे शेवटी वेळ कशाला दिला हेच.

आता माझ्या आवडीचा भाग, प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत सकाळी ११ ला, राज्यसभेत २०१४ पासून दुपारी १२ ला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात, पण तासाभरात त्यातले थोडेच होतात आणि गदारोळ झाला तर तेवढेही नाहीत. खरी खाण आहे ती अतारांकित प्रश्नांची, लोकसभेत दिवसाला २३० पर्यंत आणि राज्यसभेत १६०. यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवतात, सभागृह तहकूब झालं म्हणून ती थांबत नाहीत. संसदेच्या वेबसाइटवर मंत्रालय किंवा खासदाराचं नाव टाकून शोधा, पीडीएफ उघडा, बऱ्याच उत्तरांना राज्यवार तक्ता जोडलेला असतो आणि त्यात महाराष्ट्राची ओळ असते. जो आकडा माहिती अधिकारात मागायला महिने घालवाल तो कधी कधी इथे तयार पडलेला असतो. प्रश्न वाचताना उत्तर कशाला दिलं नाही तेही बघा. प्रश्नाचे अ, ब, क, ड असे भाग असतात आणि उत्तरात "अ ते ड" असं एकत्र लिहून योजनेची माहिती छापलेली असेल तर समजा की ब मधला आकडा गिळला.

विधेयकांचं तंत्र सोपं आहे. अधिवेशनाआधी सरकार कुठली विधेयकं आणणार याची यादी निघते, ती उतरवून घ्या, आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: मांडलं कधी, समितीकडे गेलं का, मंजूर कधी झालं. सोप्या भाषेतला सारांश हवा असेल तर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या साइटवर मिळतो. पण मूळ विधेयकातलं एक कलम स्वतः वाचाच, हा कायदा लागू कधी होणार ते. महिला आरक्षणाचं बघा ना, नव्या संसद भवनात पहिल्याच दिवशी १९ सप्टेंबर २०२३ ला मांडलं, दुसऱ्या दिवशी लोकसभेत आणि तिसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर, पण मजकुरात आरक्षण पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना यांना बांधलेलं होतं. पेढे वाटणाऱ्या किती जणांनी तेवढी ओळ वाचली होती कोण जाणे.

गोंधळ झाला की टीव्ही बंद करू नका, आवाज बंद करा आणि नेमकी मागणी काय ते शोधा. बऱ्याचदा भांडण नियमाच्या नंबरवरून असतं, आणि ते आपल्याला पोरकट वाटतं पण तसं नाही. जुलै २०२३ मध्ये मणिपूरवरून राज्यसभेत विरोधकांना २६७ हवा होता, म्हणजे बाकी कामकाज बाजूला ठेवून चर्चा, आणि सरकार १७६ ला तयार होतं, म्हणजे अल्पकालीन चर्चा. लोकसभेतही तसंच, १९३ खाली चर्चा होते पण मतदान नाही, १८४ खाली मतदान होतं. मतदान झालं की कोण कुठल्या बाजूला ते नोंदलं जाण्याची शक्यता येते, म्हणून एवढी ओढाताण. तेव्हा शेवटी विरोधकांना लोकसभेत अविश्वास प्रस्ताव आणून ऑगस्टमध्ये चर्चा घडवावी लागली. एक मात्र आहे, नेहमीच्या आवाजी मतदानात कोणी काय मत दिलं याची नोंद राहत नाही, मतविभागणी, म्हणजे एकेक मत मोजून मतदान, झाली तरच राहते, त्यामुळे तुमच्या मुद्द्यावर मतविभागणी झाली असेल तर खासदाराचं मत शोधून वहीत चिकटवा.

शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं असतात, मंत्री नसलेल्या खासदारांची. १९७० नंतर त्यातलं एकही कायदा झालेलं नाही, तरी नुसती नावं चाळा, पुढे सरकारी विधेयकात येणारे विषय कधी कधी तिथे आधी डोकावतात.

आता तुम्ही स्वतः काय करायचं. प्रश्नाची नोटीस निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर खासदाराला लिहिलं तर अर्धी गाडी सुटलेली असते. तारीख जाहीर झाली की लगेच लिहा. एका पत्रात एकच मुद्दा, एकच मंत्रालय, आणि उत्तर आकड्यात यावं असा प्रश्न. "महागाईबद्दल आवाज उठवा" ला काय उत्तर येणार? "अमुक योजनेत गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्राला जिल्हावार किती निधी मिळाला आणि किती खर्च झाला" हे टाळायला अवघड. लोकसभेत राज्याचे ४८ खासदार आहेत पण तुमचा एकच, तो ढिम्म हलत नसेल तर राज्यसभेतले १९ आहेत, ते अख्ख्या राज्याचे, त्यांना लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि खासदाराचा पक्ष तुमच्या आवडीचा नाही म्हणून लिहायचं टाळू नका, विरोधी बाकावरचे लोक असे प्रश्न हौसेने विचारतात.

अधिवेशनाचं सूप वाजलं की पाच मुद्द्यांच्या यादीकडे परत या आणि प्रत्येकापुढे लिहा, अभिभाषणात आला का, पैसे मिळाले का, प्रश्न विचारला गेला का, वेळ मिळाला का. वहीतलं एक वेगळं पान मात्र उघडं ठेवा, ज्या उत्तरांत "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असं आलंय त्यांचं. हे वाक्य म्हणजे मंत्र्याने सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची खूण करा, आणि तोवर काही आलं नसेल तर तोच क्रमांक घालून खासदाराला पुढचं पत्र.