व्हीपीएस की डेडिकेटेड? आधी टॉप चालवून बघा

नागपूरच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या छोट्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलात की हा प्रश्न लवकरच अंगावर येतो. क्लायंटला व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) द्यायचा की डेडिकेटेड सर्व्हर? नवी पोरं बहुधा क्लायंटच्या खिशाकडे बघून उत्तर देतात. माझं म्हणणं असं, की सुरुवात व्हीपीएसनेच करा आणि आकडे सांगतील तेव्हाच डेडिकेटेडवर जा.

फरक थोडक्यात. व्हीपीएसमध्ये एकाच मशीनचे अनेक भाग पाडलेले असतात. हे काम आता बहुतेक ठिकाणी केव्हीएम नावाचं सॉफ्टवेअर करतं, जे 2007 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. सीपीयूचा वेळ आणि डिस्कचा वेग शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावा लागतो. डेडिकेटेडमध्ये अख्खं मशीन तुमचं.

आता खरी गोष्ट. सर्व्हर हळू चालतोय अशी तक्रार आली की टॉप ही लिनक्सची कमांड चालवा आणि सीपीयूची ओळ वाचा. यूएस म्हणजे तुमचे प्रोग्रॅम, डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. सगळ्यात शेवटी एसटी असतं (गणेशपेठच्या स्टँडवरची नव्हे). तुमच्या मशीनला काम करायचं होतं, पण त्या वेळी सीपीयू दुसऱ्याला दिला गेला, तो हा वेळ. अधूनमधून एखादा टक्का दिसला तर सोडून द्या. रोज दुपारी दहा टक्क्यांच्या वर जात असेल, तर कोड कितीही घासूनपुसून घ्या, फरक पडणार नाही. तरीही लगेच डेडिकेटेडकडे धावू नका. आधी होस्टिंगवाल्याला दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या खऱ्या मशीनवर, हलवायला सांगा, किंवा राखीव सीपीयूचा प्लॅन घ्या. हा मधला पर्याय असतो हेच अनेकांना माहीत नसतं. एसटी शून्य आणि डब्ल्यूए चढलेला असेल, तर आधी डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद) बघा. एक इंडेक्स टाकल्याने काम भागतं तिथे अख्खं मशीन घ्यायला लावणं मला पटत नाही.

एका कोचिंग क्लासची ऑनलाइन टेस्ट दर रविवारी सकाळी असायची. मालक म्हणाले, "भाऊ, मोठाच घेऊन टाक ना. पोराईचा पेपर अडकला तर पालक मलेच धरतीन." पण बाकीचा आठवडा तो सर्व्हर झोपूनच असणार होता. व्हीपीएस शनिवारी रात्री मोठा करायचा, रविवारी संध्याकाळी परत लहान. फक्त सीपीयू आणि रॅमच वाढवा. डिस्क वाढवली तर बहुतेक ठिकाणी ती परत कमी करता येत नाही.

वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याचं गणित उलटं. गाड्यांचं जीपीएस लोकेशन रात्रंदिवस डेटाबेसमध्ये लिहिलं जातं, लोड कधी उतरतच नाही. तिथे डेडिकेटेडच हवा. पण मग डिस्कची काळजीही तुमचीच. रेड 1 (तोच डेटा दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणं) लावलेला असेल तर प्रॉक-एमडीस्टॅट फाइलमध्ये कंसात दोन यू दिसतात. एक डिस्क गेली की एका यूच्या जागी आडवी रेघ येते, आणि साइट मात्र मजेत चालू राहते. म्हणून एमडीएडीएमचा (लिनक्सवर रेड सांभाळणारं टूल) ईमेल अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. रेड म्हणजे बॅकअप नाही, हेही क्लायंटला लेखी कळवा. चुकून उडवलेलं टेबल दोन्ही डिस्कवरून उडतं.

डेडिकेटेड म्हटलं की काही जणांना ऑफिसच्या कोपऱ्यातला डबा वाटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, खोलीत कूलरची दमट हवा, त्यात लाइट जाते. मशीन डेटा सेंटरमध्येच असू द्या, आणि वापरणारे इथलेच असतील तर मुंबईतल्या. युरोपातला प्लॅन स्वस्त दिसतो, पण पिंग मारून (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ मोजून) बघा, शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो. भारतातल्या कंपनीचं कोटेशन आलं तर दरात 18 टक्के जीएसटी धरलाय का तेही तपासा.

सरावासाठी सगळ्यात लहान व्हीपीएस स्वतःच्या पैशाने घ्या. त्यावर एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी वापरायची की फाइल) लावा, पासवर्ड लॉगिन बंद करा, फायरवॉल चालू करा. मग ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडा. अनोळखी आयपीवरून रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) नावाने लॉगिन करू बघणारे बॉट त्यात रांगेने दिसतील. मुलाखतीत मी तरी सर्टिफिकेटआधी हेच विचारतो, की त्या लॉगमध्ये काय दिसलं.