ग्रामपंचायत-नगरपरिषदेचं पेज चालवताय? या चुका टाळा

पावसाळ्यात एक प्रकार दरवर्षी ठरलेला असतो. रात्री पालकांच्या ग्रुपवर 'उद्या सर्व शाळांना सुट्टी' असं परिपत्रक फिरू लागतं आणि सकाळी कळतं की ते जुनं होतं. अनेकदा ते बनावट नसतंच. खऱ्या सहीशिक्क्याचं, त्या वेळी रीतसर निघालेलं असतं. फक्त पोस्टच्या चित्रावर 'उद्या गुरुवारी सुट्टी' हे ठळक असतं आणि वर्ष मात्र कोपऱ्यात, जावक क्रमांकाशेजारी, पेनाने बारीक लिहिलेलं असतं. अशा वेळी अफवा पसरवणाऱ्यांना बोल लावण्याआधी आपण काय टाकलं होतं ते पाहायला हवं.

'आज', 'उद्या', 'येत्या सोमवारी' हे शब्द एकटे वापरू नका. वार, तारीख आणि वर्ष पहिल्या ओळीत, मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरांत द्या. जुनं परिपत्रक फिरायला लागलं तर 'अफवांवर विश्वास ठेवू नये' एवढ्याने भागत नाही, कारण लोकांना हवं असतं ते वेगळंच उत्तर: उद्या शाळा आहे की नाही? तेच चित्र घ्या, त्यावर आडवं 'जुने परिपत्रक' असं लिहा आणि खाली तारखेसह स्पष्ट सांगा की शाळा नेहमीप्रमाणे भरतील.

सूचना असते, पण माहिती नसते

'तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा कमी दाबाने होईल. नागरिकांनी सहकार्य करावे.' अशी पोस्ट वाचून कुणीही हंडे भरून ठेवत नाही, कारण 'काही भाग' म्हणजे आपला भाग असं कुणालाच वाटत नाही. तीच सूचना अशी लिहा: 'बुधवार, 14 मे 2025. जुना बाजार, कुंभारवाडा, स्टेशन रोड इथे दिवसभर पाणी येणार नाही. गुरुवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येईल. टँकरसाठी पाणीपुरवठा विभागाला फोन करा.' खाली चालू असलेला क्रमांक द्या. तो चालू आहे ना, हे पोस्ट टाकण्याआधी स्वतः लावून बघा.

पुराच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. धरणातून इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी) विसर्ग सुरू, ही माहिती पाटबंधारे खात्याच्या कामाची. नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना त्यातून गाडी हलवायची की घर सोडायचं, हे कळत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे लोकांना पाठ आहे, म्हणून तिथे नुसता आकडाही बोलतो. पुण्यात नदीपात्रातला 'भिडे पूल बंद' म्हटलं की लगेच अंदाज येतो. पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तशा प्रसंगी क्युसेकच्या आकड्यासोबत कुठल्या वस्तीने, किती वाजेपर्यंत, काय करायचं आणि कुठल्या शाळेत सोय आहे, हे एकाच पोस्टमध्ये हवं.

नुसता कागदाचा फोटो

अनेक पेजवर सूचना म्हणून नुसता कागदाचा फोटो टाकलेला असतो. हे का होतं, तेही सांगतो. कार्यालयातलं पत्र कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं असतं. ते फेसबुकवर चिकटवलं की अक्षरांचा कचरा होतो. मग सोपा मार्ग म्हणजे मोबाईलने फोटो काढून टाकणे. त्या फोटोतला मजकूर शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या फोनमधल्या, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीला तो नीट वाचता येईल याची खात्री नाही. फोटो जरूर टाका, पण सोबत चार ओळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत लिहा. फोनवरच्या मराठी कीबोर्डवर पाच मिनिटांचं काम आहे.

पासवर्ड कुणाकडे आहे?

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. संगणक परिचालकाने उत्साहाने स्वतःच्या फेसबुक प्रोफाइलवरून पेज काढलेलं असतं किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नंबरवर एक्सचं खातं उघडलेलं असतं. परिचालकाचं कंत्राट संपतं, साहेबांची बदली होते, आणि ऐन पावसाळ्यात खातं लॉक झालं की ओटीपी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फोनवर जातो. मग नवं पेज निघतं. जुनं तसंच राहतं, लोक त्यावर तक्रारी लिहीत राहतात आणि कुणीच वाचत नाही.

अजून वेळ गेलेली नसेल तर आजच तपासा. खातं कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या नावावरच्या सिमवर आहे का? पेजवर पूर्ण अधिकार असलेल्या किमान दोन व्यक्ती आहेत का? बदलीच्या वेळी चार्ज देताना दप्तर, चाव्या, शिक्के यांच्या यादीत या खात्यांची नोंद होते का? खातं आधीच अडकलं असेल तर त्या व्यक्तीला लेखी पत्र देऊन, फोनवर सोबत बसून अधिकार हस्तांतरित करून घ्या. नवं पेज काढणं हा शेवटचा उपाय. ते काढावंच लागलं तर नवा पत्ता सूचना फलकावर आणि ग्रामसभेत जाहीर करा.

वैयक्तिक आणि शासकीय खातं वेगळं ठेवा, हे महाराष्ट्र शासनाच्या जुलै 2025 च्या परिपत्रकातही बजावलेलं आहे. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवर कार्यालयीन सूचना टाकण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

लाभार्थ्यांच्या याद्या

यादी जाहीर करणं हा पारदर्शकतेचा भाग आहे, पण घरकुलाच्या यादीच्या फोटोत आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल नंबर दिसता कामा नये. आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम 29 ने बंदी आहे. ते रकाने आधी काढा, मगच फोटो घ्या. पेनाने खोडलेलं झूम केल्यावर वाचता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्येही सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्याचा त्रास जास्त करून बायकांना होतो. फक्त सूचनाच द्यायच्या असतील तर चॅनल बरं, तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दवंडी आणि फलक चालूच ठेवा.

तक्रारीला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर

गटार तुंबल्याचा फोटो टाकणाऱ्याला तक्रार क्रमांक, विभागाचं नाव आणि काम कधी होईल ते सांगा. काम झालं की त्याच जागेचा फोटो त्याच कमेंटखाली टाका. त्याचा फोन नंबर सर्वांसमोर मागू नका, मेसेजमध्ये मागा. आणि टीका आवडली नाही म्हणून कमेंट उडवू नका. शिवीगाळ, धमकी, कुणाची खासगी माहिती एवढंच काढायचं, हा नियम पेजवर लिहून ठेवा आणि सरपंचांच्या माणसालाही तोच लावा.

आपलीच पोस्ट चुकली तर गुपचूप काढू नका. तोवर तिचे स्क्रीनशॉट गावभर गेलेले असतात. 'दुरुस्ती' असा शब्द वर टाकून आधी काय लिहिलं होतं आणि बरोबर काय आहे, दोन्ही लिहा. आणि पहिली पोस्ट ज्या ज्या ग्रुपवर गेली होती, त्या प्रत्येक ग्रुपवर ही दुरुस्तीही पाठवा.