जुन्या छतावर पीयू फोम मारण्याआधी आणि मारताना

गोदामाचा जुना स्लॅब गळतो, उन्हाळ्यात आत भट्टी पेटल्यासारखं होतं, म्हणून लोक पीयू फोमकडे, म्हणजे छतावर फवारला की फुगून घट्ट होणाऱ्या पॉलियुरेथेनच्या फेसाकडे, वळतात. छत न तोडता गळती आणि ऊन दोन्ही थांबतात, हे खरंच आहे. पण ओल्या छतावर मारलेला फोम फुगे धरतो आणि सुटतो. म्हणून आधी ओल तपासा.

आपल्याकडे स्लॅबवर बहुधा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. वरून खडखडीत दिसला तरी तो पोटात पावसाचं पाणी महिनोन्महिने धरून ठेवतो. संध्याकाळी दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवा आणि १६ तासांनी उचला. आतून थेंब किंवा खाली काळसर डाग दिसला, तर थांबा. पॅरापेटच्या (छताच्या कठड्याच्या) कडेला आणि पाणी साचतं तिथे ही चाचणी हमखास करा. पोकळ वाजणारा कोबा काढून टाका. या कामाला फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम.

लोखंडी पत्रा असेल तर गंज घासून प्रायमर मारा, ढिले स्क्रू बदला. जुना सिमेंटचा पत्रा मात्र घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

फवारणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. फोमच्या रसायनातल्या आयसोसायनेटच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो, त्यामुळे त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवाच. खालच्या एसीची हवा ओढणारी तोंडं बंद करा, गाड्या हलवा. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल तर काम नको.

एका थरात दीड इंचाहून जास्त जाडी नको, नाहीतर आत उष्णता कोंडून फोम करपतो. खोलगट जागी थर वाढवून ढाळ पाण्याच्या पाइपकडे आणा. फोमची घनता ४५ किलो प्रति घनमीटरच्या आसपास मागा. हलका फोम पायाखाली दबतो.

उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुरभुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अॅक्रिलिक किंवा सिलिकॉन कोटिंगचे दोन हात द्या. दोन्ही थरांचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते.

फोम पेट घेतो. त्यामुळे पुढे सोलर पॅनेल बसवायला कोणी आलं, तर छतावर वेल्डिंग करू देऊ नका.