थेरपीचा क्लेम करण्याआधी: विमा किती देतो आणि कागदावर काय जातं

थेरपी घ्यायची ठरली की माणूस दोन ठिकाणी अडखळतो: खर्च झेपेल का, आणि कुणाला कळणार तर नाही ना? क्लेमच्या फॉर्मवर हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात, म्हणून पहिल्या सेशनआधीच त्यांचा निकाल लावा.

आधी पॉलिसीची संपूर्ण प्रत काढा. ‘मानसिक आजार’ हे शब्द दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. पुष्कळदा ते कव्हर रुग्णालयात दाखल झालं तरच मिळतं, आणि थेरपीसाठी कुणी सहसा दाखल होत नाही. तेव्हा ओपीडीचा खर्च मिळतो का, वर्षाला किती सेशन, प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यापासून कव्हर लागू होईपर्यंतचा काळ) किती, कोणत्या पात्रतेच्या थेरपिस्टचं बिल चालतं, हे शोधा. कंपनीला फोनवर विचारलंत तरी उत्तर ईमेलवर मागून घ्या.

मग थेरपिस्टला सरळ विचारा, “क्लेम केला तर तुमच्याकडून नेमकं काय जातं?” सहसा तारखा, फी आणि निदानाचा कोड. मला सगळ्यात जपण्यासारखा वाटतो तो हा कोड. बिलावर नुसतं ‘एफ ४१.१’ छापलेलं असतं; जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत त्याचा अर्थ चिंताविकाराचा एक प्रकार. तुम्ही आईबद्दल काय बोललात ते त्या बिलावर नसतं, पण निदान कंपनीच्या नोंदीत राहतं. म्हणून कोणता कोड लिहिणार ते आधीच समजून घ्या. ‘जरा सौम्य लिहा’ असा आग्रह मात्र नको. खोट्या निदानावर क्लेम ही फसवणूकच.

संमतिपत्रात ‘सर्व वैद्यकीय नोंदी’ असं मोघम असेल, तर ‘फक्त या क्लेमपुरती माहिती’ असं करून मिळेल का, विचारा. पॉलिसी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर क्लेमचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जाऊ शकतो. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. संपर्काचा पत्ता बदलता येतो का पाहा. पॉलिसी नोकरीतून मिळालेली असेल, तर क्लेमचे कागद ऑफिसात कुणाच्या हातात पडतात तेही विचारा.

गोपनीयतेला अपवाद असतात: जिवाला गंभीर धोका, मुलांवरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. नेमके नियम देशागणिक वेगळे, तेव्हा पहिल्याच भेटीत थेरपिस्टकडून ऐकून घ्या.

इतकं करूनही मन धजत नसेल, तर फी स्वतः भरा आणि सवलतीबद्दल मोकळेपणी विचारा. क्लेमच नसेल तर निदानाचा कोड असलेलं बिल कंपनीकडे जात नाही. पुढे नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर आधीच्या आजारांबद्दल विचारलं, तर उत्तर मात्र खरं द्यावं लागतं.