परीचं लाकडी दार घरच्या घरी: चौकटीपासून कडीपर्यंत

परीचं दार म्हणजे वीतभर उंचीचं खोटं दार. ते उघडत नाही, मागं नुसती भिंत असते, तरी पोरं त्याच्यासमोर पालथी पडून आत कोण राहतंय ते बघत बसतात. तिकडं इंग्लंड-अमेरिकेत हे लई चालतं. अमेरिकेत मिशिगनमधलं ॲन आर्बर गाव यासाठी नावाजलेलं आहे, तिथं २००५ पासून दुकानांच्या भिंतींवर खाली कोपऱ्यात अशी दारं दिसायला लागली आणि लोक ती हुडकत फिरायला लागले. आपल्याकडं ऑनलाइन जी तयार मिळतात ती बहुतेक एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची), लेसरनं कापलेली, वर गोल कमान आणि सगळं एकदम सपाट, त्यामुळं भिंतीला लावल्यावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं.

दार खरं वाटतं ते रंगानं नाही, खोलीनं. चौकट पुढं आलेली, फळ्या आत गेलेल्या, खाली जाड उंबरा, आणि त्या खाचेत पडलेली सावली. एवढं जमलं तर रंग साधा असला तरी चालतंय, आणि हे नसेल तर कितीही वेलबुट्टी काढा, फळी ती फळीच. म्हणून रंगाला जेवढा वेळ देणार त्याच्या दुप्पट चौकटीला द्या.

नमुना म्हणून इंग्लिश कमानीचं दार कशाला पाहिजे? आपल्या कोल्हापुरात मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, एवढ्या गल्ल्या फिरलात तरी अजून जुनी दारं दिसतात, दोन फळ्यांची, वर गणेशपट्टी (गणपती कोरलेली आडवी पट्टी), बाजूला दिव्याचा कोनाडा, तेलरंगाचे निळे-हिरवे थर पोपडे धरलेले. नाहीतर पोरांना घेऊन कणेरी मठाच्या म्युझियमला जा, तिथं गावगाड्याचे देखावे उभे केलेत. कुणाच्या घराचा फोटो काढताना विचारून काढा, आणि एकदम समोरून काढा, तिरका काढला तर मापं घेता येत नाहीत.

माप

बाहुलीघरं करणाऱ्यांचा सगळीकडं चालणारा हिशोब आहे, खऱ्यातला एक फूट म्हणजे आपला एक इंच. म्हणजे सहा फुटाचं दार सहा इंचाचं झालं. मी धरतो ते माप असं: दोन फळ्या मिळून ३ इंच रुंद आणि ६ इंच उंच. बाजूच्या उभ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद. उंबरा अर्धा इंच उंच आणि साडेचार इंच लांब, गणेशपट्टी पाऊण इंच उंच आणि तीही साडेचार इंच लांब, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच बाहेर येते. या सगळ्याच्या मागं ४ बाय सव्वासात इंचाचा प्लायचा तुकडा. हे आधी कागदावर पूर्ण मापात काढा, कागद कापून भिंतीला चिकटवा, लांबून बघा. मोठं वाटलं तर आत्ताच कमी करा, लाकूड कापल्यावर काय करता येत नाही.

लाकूड

नवीन लाकूड विकत आणायची गरज नाही. सुताराच्या दुकानात जाऊन "मामा, सागवानाचे बारके तुकडे पडलेत का?" एवढं विचारलं की पिशवीभर मिळतं, चहाचे पैसे तेवढे द्या. आंब्याच्या लाकडी पेटीच्या फळ्या तर या कामाला एकदम भारी, पातळ असतात आणि मुळातच खडबडीत, त्यामुळं दार जुनं दिसायला अर्धी मदत तिथंच झाली. फक्त त्यातले बारके खिळे पकडीनं नीट उपसून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातील. मागच्या पाट्याला ४ मिलिमीटर प्लाय पुरतो. एमडीएफ कापायला सोपा, पण पाणी लागलं की फुगतो आणि त्याची धूळ फार बारीक असते, वापरलाच तर तोंडाला मास्क लावून बाहेर ओट्यावर कापा आणि ते दार घरातच ठेवा.

करवत चालवायला नको वाटत असेल किंवा पोरांबरोबर करायचं असेल तर स्टेशनरीत मोठ्या आईस्क्रीमच्या काड्या मिळतात, साधारण सहा इंच लांब आणि पाऊण इंचाला जरा कमी रुंद. चार काड्या उभ्या शेजारी लावल्या की दोन फळ्या तयार. गोल टोकं कापल्यावर त्या साधारण सव्वापाच इंच राहतात, मग चौकट आणि पाटाही त्याच हिशोबानं कमी करायचा.

कापणं आणि घासणं

बारीक दाताची करवत किंवा हॅक्सॉ ब्लेड चालतं. तुकडा टेबलाला क्लॅम्पनं नाहीतर दोरीनं घट्ट बांधा, हातात धरून कापू नका. कापायचं काम मोठ्यांनी करायचं, पोरांना घासायला द्या. पॉलिश पेपर आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०, आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि रंग दिल्यावर ते आणखी उठून दिसतात. कडा थोड्या गोल करा. उंबऱ्याचा मधला भाग मुद्दाम जास्त घासून किंचित खोलगट करा, कारण खऱ्या घरात पाय तिथंच पडून पडून तो झिजलेला असतो. बघणाऱ्याला कळत नाही की काय केलंय, पण दार लगेच जुनं वाटायला लागतं.

एका अखंड तुकड्याची फळी केली असेल तर पट्टी लावून बोथट स्क्रूड्रायव्हरनं दाबत उभ्या रेघा ओढा, म्हणजे तीन-चार पट्ट्या जोडल्यासारखं दिसतं. दोन फळ्यांच्या मधे मिलिमीटरभर फट सोडा, रंगाचे थर बसल्यावर ती आपोआप भरत येते.

आता महत्त्वाचं, चौकटीची जाडी. फळ्या ३-४ मिलिमीटरच्या असतील तर चौकट ८ ते १० मिलिमीटर पाहिजे. सावली पडते ती या फरकामुळं. उंबरा त्याहून जाड घ्या, पुढं चांगला आलेला. जाड लाकूड नसेल तर दोन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवा, बाजूनं पुट्टी भरून घासलं की जोड दिसत नाही.

लगेच सगळं चिकटवायला जाऊ नका! आधी सुटं सुटं मांडून बघा, मग सुटंच रंगवा. जोडल्यावर त्या खाचेत ब्रश जात नाही आणि फळीचा निळा रंग चौकटीच्या तपकिरीवर फरफटतो. जिथं गोंद लागणार ती बाजू मात्र कोरी ठेवा, रंगावर फेविकॉल नीट धरत नाही.

रंग

पाण्यात मिसळणारा वुड प्रायमर एक हात द्या, वाळल्यावर २२० नं हलकं घासा. पाइनच्या लाकडात गाठ असेल तर तिथून पिवळट डाग वर येतो, त्या जागी प्रायमरच्या आधी लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या. मग पूर्ण दाराला गडद तपकिरी ॲक्रेलिक, जवळजवळ काळपट. हा रंग शेवटी दिसणार नाही, दिसेल तेवढा फक्त झिजलेल्या जागी.

ते वाळलं की साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि जिथं खऱ्या दाराला हात-पाय लागतात तिथं घासा, कडीच्या आजूबाजूला, फळ्यांच्या मधल्या कडांना, खाली जिथं झाडू आणि पाणी लागतं तिथं. गणेशपट्टीला कोण हात लावतंय, तिथं नको. बहुतेक लोक इथंच चुकतात, सगळीकडं सारखंच मेण फासतात आणि मग दार जुनं न दिसता खरूज झाल्यासारखं दिसतं. मेणावरून निळा, हिरवा, जो हवा तो रंग पातळसर दोन हात. पूर्ण वाळला की २२० चा पेपर फिरवा, मेणाच्या जागचा रंग निघून खालचा तपकिरी वर येतो. शेवटी काळपट तपकिरी रंगाचं एकदम पातळ पाणी ब्रशनं सगळीकडं सोडा आणि लगेच फडक्यानं पुसा, ते रेघांत आणि कोपऱ्यांत तेवढं राहतं.

माळ्यावर पडलेला जुना तेलरंगाचा डबा यासाठी काढू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही, आणि पोरांचे हात दारावरून थेट तोंडात जातात.

जोडणी आणि कडी-कोयंडा

आधी पाट्यावर फळ्या, मग उभ्या पट्ट्या, मग उंबरा आणि वर गणेशपट्टी. फेविकॉल थोडाच लावा, बाहेर आलेला ओल्या फडक्यानं पुसा. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबर लावून रात्रभर ठेवा, जून-जुलैत अजून एक दिवस द्या. दार बाहेर ठेवणार असाल तर साधा नाही, वॉटरप्रूफ फेविकॉल घ्या.

कडीला इलेक्ट्रिशियननं टाकलेल्या वायरीचा तांब्याचा तुकडा सोला, सुईच्या जाडीचा एक तार घेऊन पेनाच्या रिफिलवर गुंडाळा, कापा, कड्या एकात एक अडकवा, साखळी झाली. बिजागऱ्या जाड पुठ्ठ्याच्या कापून काळ्या रंगवल्या तरी चालतात. फळ्यांवरच्या पितळी फुलांसाठी तुटलेल्या खोट्या साजाचे बारके मणी अर्धे बुडतील असे चिकटवा, घरात विचारून घ्या पण.

महाद्वार रोडला की-चेनची छोटी कोल्हापुरी चप्पल मिळते, ती दाराबाहेर ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. ठेवायच्या आधी शेजारी धरून बघा. दीड-दोन इंचाची चप्पल सहा इंचाच्या दाराशी म्हणजे परीचा पाय दाराच्या पाव हिश्श्याएवढा नाहीतर त्याहून मोठा. अर्धा इंच नाहीतर त्याहून बारकीच शोभते, जुन्या पर्सच्या चामड्यातून कात्रीनं कापून घ्या. तोरणाची पानंही याच हिशोबात, बोटाच्या नखाहून लहान.

वार्निश आणि जागा

घरातल्या दाराला पाण्याचं मॅट वार्निश दोन हात बस. ग्लॉसी नको, सगळी जुनाट कळा जाते. बाहेरच्याला बाहेरच्या कामाचं पॉलीयुरेथेन तीन हात, आणि वरच्या-खालच्या कापलेल्या टोकांना सगळ्यात जास्त, लाकूड पाणी तिथूनच ओढतं. फ्रेंच पॉलिश करणार असाल तर पावसाळी दमट हवेत नको, ते पांढरं पडतं. आपल्या कोल्हापूरचा पाऊस बघता कुंडीतलं दार जूनला उचलून आत आणणं हाच खरा उपाय.

आत लावायचं तर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या) लगेच वर, चांगल्या डबल टेपनं. कुंडीत किंवा बागेत लावायचं तर पाट्याच्या मागं दोन जाड तारा बसवा आणि मातीत खुपसा, लाकूड मातीला टेकू देऊ नका, वाळवी लागते. झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवा पण खिळा ठोकू नका, आणि रंकाळ्यावरच्या झाडांना तर नकोच नको. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या वेफर्ड वूड्समध्ये लोकांनी झाडांना इतकी दारं लावली की २०१५ मध्ये ते जंगल सांभाळणाऱ्या ट्रस्टला नव्या दारांवर लगाम घालावा लागला.

परी नको असेल तर गौरी-गणपतीच्या आराशीत पाटाच्या बाजूला हेच दार उंदीरमामाचं म्हणून ठेवा, समोर बारकी रांगोळी आणि खोबऱ्याचा तुकडा. पण मग काम आषाढातच उरकायला घ्या, कारण त्या हवेत रंगाचा एकेक हात वाळायला दुप्पट वेळ खातो आणि घाईत वार्निश मारलं तर आरतीच्या वेळी दार अजून चिकटच असतं.