स्टॅट-१ चा बँड दिसत नाही? अँटिबॉडीला बोल लावण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, अँटिबॉडीच खराब आलीय बघा."

बेळगावात वेस्टर्न ब्लॉट (पेशींतली प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून, अँटिबॉडीने पट्ट्याच्या म्हणजे बँडच्या रूपात दाखवण्याची पद्धत) शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याला गणती नाही. कुपी इवलीशी, किंमत हजारांत, पार्सल बंगळूरहून आलेलं. त्यामुळे संशय पहिला तिच्यावरच जातो. पण दहातल्या आठ वेळा घोटाळा कुपीपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो, असा माझा अनुभव.

स्टॅट-१ हे इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणारं प्रथिन. इंटरफेरॉन रिसेप्टरला चिकटला की जॅक कायनेज ही एन्झाइमं स्टॅट-१ च्या ७०१ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात, मग दोन रेणूंची जोडी जमते आणि ती केंद्रकात शिरते. म्हणून अँटिबॉड्याही दोन लागतात. एक सगळा स्टॅट-१ ओळखणारी, दुसरी फक्त फॉस्फेट बसलेला ओळखणारी, म्हणजे फॉस्फो अँटिबॉडी. रडारड जवळजवळ नेहमी दुसरीची.

निरोपच पोचला नाही तर

खानापूरकडची एक मुलगी दोन आठवडे कोरा ब्लॉट घेऊन येत होती. डायल्यूशन बदललं, अँटिबॉडी रात्रभर ठेवून बघितली, सेकंडरीही (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून बँड दाखवणारी अँटिबॉडी) नवीन घेतली. शेवटी मी तिला पेशींची वही आणायला लावली. पेशी उंदराच्या, रॉ २६४.७. इंटरफेरॉन गॅमा माणसाचा! माणसाचा इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या रिसेप्टरला कळतच नाही. नुसत्या कन्नड पाटीपुढे पुण्याचा पाहुणा उभा केल्यासारखी त्या पेशींची गत. फॉस्फेट बसलंच नव्हतं, मग अँटिबॉडी दाखवणार काय?

याच वहीत वेळही बघा. टायरोसिन ७०१ वरचं फॉस्फेट १५ ते ३० मिनिटांत जोरात दिसतं आणि पुढच्या काही तासांत ओसरतं. "जास्त वेळ ठेवलं तर जास्त दिसेल" म्हणून २४ तास ठेवणारे पुष्कळ. तेव्हा फॉस्फोचा बँड फिका पडलेला असतो आणि एकूण स्टॅट-१ मात्र वाढलेला दिसतो, कारण इंटरफेरॉन स्टॅट-१ चं जनुकही चालू करतो. मुलं हे उलटं चित्र बघून दोन्ही अँटिबॉड्यांची अदलाबदल झाली असं ठरवून मोकळी होतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक जेलवर हेला या माणसाच्या पेशींचे दोन लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) चालवा, एक तसाच आणि एक माणसाच्या इंटरफेरॉन गॅमाने २० मिनिटं चेतवलेला. दुसऱ्यात बँड आला की कुपी निर्दोष. स्टॅट-१ नसलेल्या यू३ए पेशी मिळाल्या तर फारच उत्तम, म्हणजे बँड खराच स्टॅट-१ चा आहे का तेही कळतं.

फॉस्फेट वाटेत गळलं

पेशी फोडल्या की आतले फॉस्फेट काढून टाकणारे फॉस्फेटेज एन्झाइम मोकाट सुटतात. त्यांना अडवायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात, पण तो पिवळसर असेल तर तसाच ओतू नका. पीएच १० ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून, गार करून पुन्हा पीएच तपासायचा. पाण्यासारखा नितळ राहिला की तो कामाचा. लायसिस सगळं बर्फावर. आमचं बर्फाचं मशीन बंद पडलं की मी सरळ मासळी बाजारातून बर्फ आणवते. ट्यूबच्या बाहेर ठेवायलाच तर हवा, वास येतो तेवढाच!

मे महिन्यात वळीव आला की लाईट जाते आणि नेमका ट्रान्स्फर (जेलमधली प्रथिनं विजेने मेंब्रेन नावाच्या पडद्यावर उतरवणं) चालू असतो. परत आल्यावर किती मिनिटं करंट मिळाला हे कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी अंदाज करत बसू नका, मेंब्रेन पॉन्सो या प्रथिनं रंगवणाऱ्या द्रावणात बुडवा. गुलाबी पट्टे सगळ्या लेनमध्ये सारखे आले तर पुढे चला. मध्येच गोल पांढरा डाग असेल तर तिथे बुडबुडा राहिला होता. पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकचा मेंब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवायचा, हे लिहायलाही लाज वाटते, पण विसरतात.

दूध कुंद्याला ठेवा

ब्लॉकिंगला (मेंब्रेनची रिकामी जागा झाकायला) दुधाची पावडर स्वस्त पडते, एकूण स्टॅट-१ ला चालूनही जाते. फॉस्फोला मात्र नको. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगून असतं, त्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. टीबीएसटी या बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, अँटिबॉडीही त्यातच पातळ करा. वापरलेली अँटिबॉडी टिकवायला सोडियम अझाइड घालता ते ठीक, पण एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) लावलेल्या सेकंडरीत त्याचा थेंबही पडू देऊ नका. एचआरपी मरतं.

बँडच्या जागी पांढरी रेघ दिसली तर सेकंडरी फार झाली, पातळ करा.

दोन बँड म्हणजे चूक नव्हे

निपाणीच्या एका मुलाने खालचा बँड "नॉन-स्पेसिफिक" म्हणून फोटोतून कापून टाकला होता. ९१ किलोडाल्टन वजनाचा अल्फा आणि ८४ चा बीटा, ही दोन्ही रूपं स्टॅट-१ चीच. टायरोसिन ७०१ दोघांत आहे. बीटाचं शेवटचं टोक मात्र आखूड, त्यात ७२७ क्रमांकाचं सेरिन नाही, म्हणून सेरिन ७२७ च्या फॉस्फो अँटिबॉडीला फक्त वरचा बँड यायला हवा. तिथे दोन आले तर खुशाल शंका घ्या.

राहिलं पार्सल. शनिवारी संध्याकाळी कुरिअर आला, डबा सोमवारपर्यंत गेटवरच पडून राहिला, जेल पॅक कोमट. फेकू नका. अँटिबॉडी दोन दिवसांत सहसा मरत नाही, हेला लायसेटवर तपासा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर कुपी उणे २० ला गोठत नाही, तिचे वाटे करायची गरज नाही. ग्लिसरॉल नसेल तर पहिल्याच दिवशी वाटे करा, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरात ठेवू नका.

एवढं करूनही हेलात बँड नाहीच आला, तर कंपनीला जरूर लिहा. लॉट नंबर, पॉन्सोचा फोटो आणि न कापलेला पूर्ण ब्लॉट जोडा. नुसतं "नॉट वर्किंग" लिहिलंत तर हेच सगळं परत मागतील आणि तुमचा आठवडा जाईल.